हनियाला पाणी पाजायचं राहिलं

क्राटेन, कर्केना बेट
१२ मे १९७५

अल्जियाताईला धाकट्या खमीसचा सलाम.

पत्राला उशीर झाला म्हणून ओरडू नकोस. कंबरेचं हाड जुळलं, पण डॉक्टर म्हणाला, आता होडी विसरा. वल्हं मारायचं नाही, जाळं ओढायचं नाही. मग बसून राहू का किनाऱ्यावर, असं विचारलं, तर म्हणतो, बसा की.

तर सांगायचं म्हणजे, हनिया विकली.

वाच आणि जरा दम खा. पोरं स्फाक्सला कारखान्यात, त्यांना मासळीचा वास नको. ती नुसती खुंटाला बांधून सडली असती. गिऱ्हाईक तुमच्या जर्बा बेटावरचंच मिळालं. सासी नावाचा गल्लाला गावचा कुंभार आहे. दुसऱ्याच्या होडीतून मडकी पाठवून कंटाळलाय, म्हणून स्वतःची होडी हवी होती. माणूस भला वाटला. तिला हात लावायच्या आधी त्यानं हात धुतले, ते मला आवडलं. होडी अजीमच्या किनाऱ्यावर ठेवीन म्हणालाय, म्हणजे तुझ्या खिडकीखालीच.

मी मजेत आहे. उलट डोक्यावरचं ओझं उतरलं. आता सकाळी उशिरापर्यंत झोपतो, मन्नूबियाला चहा करून देतो. इतकी वर्षं जमलं नव्हतं, ते आता जमतंय.

मुद्दाम बघायला जाऊ नकोस. पण खिडकी उघडलीस आणि दिसलीच, तर कळव. पुढच्या टोकाला, नाळेवर, बाबांनी खिळ्यानं मासा कोरलेला आहे, त्याच्यावर रंग चढवला का तेवढं बघ. सुकाणूचा दांडा कोरडा पडला तर तडकतो, त्याला तेल लावलंय का तेही. आणि उन्हात डाव्या बाजूला कललेली दिसली तर घाबरू नकोस, ती तशीच बसते.

बाकी काही नाही.

तुझा खमीस

*

अजीम, जर्बा
२ जून १९७५

खमीस, माझ्या भावा,

अक्षर मोठं आहे, चुका असतील. बायकांच्या साक्षरता वर्गात साठाव्या वर्षी शिकले मी, तू लहानपणी मशिदीत मार खाऊन शिकलास. तेव्हा हसायचं नाही.

मजेत आहेस म्हणतोस, आणि पत्र सगळं होडीचं. मन्नूबिया कशी आहे ते अर्ध्या ओळीत, सुकाणूच्या दांड्याला मात्र अख्खी ओळ.

आली तुझी हनिया. मी चुलीवर कुसकुस ठेवला होता, तो तसाच टाकून खाली गेले. मासा जागेवर आहे, रंग लावलेला नाही. मी त्याच्यावरून बोट फिरवलं. बाबा तो कोरत होते तेव्हा मी शेजारी खिळा गरम करत होते, तू तेव्हा रांगत होतास. तुला वाटतं होडी तुझी. ती आधी माझी होती.

आणि खमीस, चव्वेचाळीस वर्षांनी मी तिच्या फळ्यांना हात लावला. नवरी म्हणून मला इकडे आणली ती तिच्यातूनच. डोक्यावरून पायापर्यंत लाल लोकरी चादर, आणि सासरच्या उंबऱ्यापर्यंत ती काढायची नाही, ही रीत. अख्खा समुद्र ओलांडला आणि मला दिसलं काय, तर तळाच्या चार फळ्या आणि तुझे अनवाणी पाय. मी चादरीतून सारखी विचारायचे, गाव दिसतंय का रे अजून? आणि तू म्हणायचास, दिसतंय ताई, दिसतंय. त्या एका शब्दावर मी दिवसभर रडले नाही. पुढे दोनदा माहेरी आले, पण बसनं धक्के खात आणि स्फाक्सहून मोठ्या बोटीनं. ते काही खरं येणं नव्हे.

सासी चांगला आहे. मला मावशी म्हणतो. हनियाची मनापासून काळजी घेतोय.

तेल लावलंय दांड्याला. मी लावलं.

अल्जिया

*

क्राटेन
२० जून १९७५

अल्जियाताई,

मी मन्नूबिया. हे पत्र मी लिहिलंय हे त्यांना कळू देऊ नका.

ते तुम्हाला मजेत आहे असं लिहितात. खोटं आहे ते सगळं. रोज पहाटे उठतात, काठी टेकत किनाऱ्यावर जातात. होडीचा खुंट अजून पाण्यात उभा आहे, त्याला जुना दोर बांधतात, सोडतात, पुन्हा बांधतात. परवा शेजारचा मोंजी गमतीनं म्हणाला, खमीसकाका, खुंटाला घेऊन जाताय की काय मासेमारीला? तर हे घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजले. जेवण निम्म्यावर आलंय. वाळवलेला ऑक्टोपस भाजून दिला, त्यालाही हात लावला नाही, म्हणजे बघा.

मीच मागे लागले होते, विका म्हणून. पडले तेव्हा चार तास होडीत एकटे कण्हत होते, ते मी विसरू शकत नाही. पण आता वाटतं, होडी गेली ती माणसाला घेऊनच गेली.

ताई, हनियाबद्दल त्यांना काहीतरी चांगलं लिहा. ती समुद्रावर जाते, मजेत आहे, असं. तुमच्या शब्दावर त्यांचा विश्वास आहे.

मन्नूबिया

*

अजीम
५ जुलै १९७५

खमीस,

आज तुझ्यासाठी चांगली बातमी. हनिया रोज समुद्रावर जाते. सकाळी मी खिडकी उघडते तेव्हा ती निघालेली असते, आणि तिचं ते तपकिरी शीड, तीन ठिगळांचं, लांबूनही ओळखू येतं. बाबांच्या वेळची ठिगळं अजून टिकलीत बघ. सासी म्हणतो, अशी गुणी होडी मिळाली हे माझं नशीब. परवा तर गाबेसपर्यंत मडकी घेऊन गेली आणि एकही फुटलं नाही.

तेव्हा आता तिची काळजी सोड आणि पोटभर जेव. मन्नूबियाला माझी आठवण सांग.

अल्जिया

*

क्राटेन
२४ जुलै १९७५

अल्जियाताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा इतका आनंद झाला की मन्नूबियाला वाचून दाखवायला गच्चीवर गेलो. ती तिथे मिरच्या वाळत घालत होती. कशावर, तर तपकिरी शिडावर, तीन ठिगळांच्या.

शीड मी दिलं नव्हतं गं. सासीला म्हटलं, जुनं झालंय, तू नवं शिव. खरं म्हणजे सोडवलं नाही. हिवाळ्यात पांघरतो मी ते, आणि उन्हाळ्यात बायको त्याच्यावर हरीसा चटणीसाठी मिरच्या वाळवते, यावरून आमची रोज जुंपते.

तू माझ्याशी कधी खोटं बोलली नाहीस. म्हणजे काहीतरी मोठंच झालं असणार. बुडाली का? बुडाली असेल तर तसं लिही. माणूस बुडालेल्याचं दुःख करू शकतो, पण हे असं नाही सहन होत. रात्रभर मी तिला वेगवेगळ्या तऱ्हेनं बुडवतो आणि सकाळी थकून उठतो.

खरं लिही, ताई.

खमीस

*

अजीम
१० सप्टेंबर १९७५

खमीस,

दीड महिना तुला उत्तर दिलं नाही. लाज वाटत होती. आता रोजे सुरू झालेत, आणि रोजा धरून पोटात खोटं ठेवणं काही जमेना.

हनिया बुडाली नाही. ती आली त्या दिवसापासून समुद्रावर गेलीच नव्हती. सासीनं तिला वाळूवर ओढून घेतली, खाली ओंडके लावले, आतला मळ पिसासारख्या हलक्या हातानं खरवडला आणि उन्हाला लावली. सगळा उन्हाळा. रोज येऊन तिला थोडी फिरवायचा, दोन्ही बाजूंना सारखं ऊन मिळावं म्हणून. मी म्हटलं, अरे, किती वाळवशील? तर म्हणाला, मावशी, कच्चं राहिलं की तडकतं, चांगलं वाळू दे, मग बघा कशी दणकट होते. कुंभाराचा मुलगा तो. मला वाटलं, नवीन रंग देण्याआधी असं करत असतील. मी बाईमाणूस, होडीत बसलेय, होडी राखलेली नाही.

रोजे लागायच्या आधी त्यानं ती पाण्यात सोडली. किनाऱ्यावर सगळ्यांना बदाम आणि खजूर वाटले. तासाभरात सासी कमरेपर्यंत पाण्यात उभा, आणि पाणी होडीच्या आत. प्रत्येक सांध्यातून झिरपत होतं. दहा जणांनी ओढून वर काढली. लोक हसले, खमीस. कुणीतरी म्हणालं, चाळण घेऊन आलास की काय कर्केनाहून. त्याचं तोंड एवढंसं झालं.

आता तो म्हणतो, म्हाताऱ्यानं मला कुजकी होडी गळ्यात मारली. आमच्याशी बोलणं टाकलंय त्यानं. ईद झाली की तिच्या फळ्या सोडवून भट्टीत घालणार आहे. जुनं लाकूड छान जळतं म्हणे.

ती कुजकी होती का रे? खरं लिही म्हणालास, तर आता तूही खरं लिही.

अल्जिया

*

क्राटेन
१८ सप्टेंबर १९७५

ताई,

हे पत्र टपालानं न पाठवता जर्बाला निघालेल्या माणसाच्या हाती देतोय. तू ते सासीला वाचून दाखव. सगळं. एक शब्दही गाळू नकोस.

सासी, बाळा, तुझी होडी कुजकी नाही. कुजका मी आहे.

होडी घेताना तू मला विचारलं होतंस, काका, हिच्याबद्दल मला काही ठाऊक असायला हवं का? मी म्हणालो, थोडी डावीकडे ओढते, बाकी काही नाही. खरी गोष्ट जिभेवर आली होती, ती मी गिळली. हनियाच्या सांध्यांत आमच्या बाबांनी डांबर घातलेलं नाही, खजुराच्या झाडाचा काथ्या घातलाय. ती वाळली की तिचे सांधे उघडतात. म्हणून दर वर्षी ऑक्टोपसचा हंगाम सुरू व्हायच्या आधी आम्ही तिला पाणी पाजतो. गुडघाभर पाण्यात न्यायची, आत दगड भरायचे आणि बुडवायची. पूर्ण. तीन दिवस, तीन रात्री. लाकूड पाणी पिऊन फुगतं, सांधे आपोआप मिटतात. मग दगड काढायचे. पंचेचाळीस वर्षं मी हे केलं आणि तिनं एक थेंब आत घेतला नाही.

का सांगितलं नाही? मला वाटलं, पहिल्यांदा गळेल तेव्हा तू मला विचारायला येशील. मी म्हणेन, आण तिला इकडे, मी दाखवतो. मग वर्षातून एकदा तरी ती माझ्या दारात येईल आणि मी लागेन कुणालातरी. एवढाच माझा डाव होता. तू विचारायला न येता सगळं मनातच ठेवशील, आणि लोक तुला हसतील, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मला माफ कर. होडी जाळायची तर जाळ, ती तुझी आहे. पण तिला कुजकी म्हणू नकोस.

ताई, त्याला सांग, हातोडी आणि डांबर मुळीच लावायचं नाही. वाळलेल्या सांध्यात डांबर ठोकलं तर लाकूड फुगल्यावर फळ्या उसळतील. आणि तीन दिवसांनी बोटाच्या पेरानं फळीवर वाजवून बघायचं. वाळलेली खणखणते. प्यायलेली ठप्प वाजते. ठप्प वाजली की झालं.

तुझ्या खोट्यावर रागावलो होतो. माझं त्याहून मोठं निघालं.

खमीस

*

अजीम
१४ ऑक्टोबर १९७५

खमीस, भावा,

ईदच्या दुसऱ्या दिवशी मी तुझं पत्र घेऊन चालत गल्लालाला गेले. पाय भरून आले, पण गाढवावर बसले असते तर रस्त्यात धीर गेला असता. सासी चाकावर होता. मी उभ्या उभ्या सगळं वाचलं. त्यानं चाक थांबवलं नाही. संपल्यावर चाकावरचं मडकं दोऱ्यानं कापून खाली उतरवलं. मग म्हणाला, "भट्टीत जाळ किती वेळ धरायचा, हे मीही कुणाला सांगत नाही, मावशी. सख्ख्या भावालासुद्धा नाही."

तेवढ्यानं विरघळला असं समजू नकोस. गळकी होडी बुडवून बरी होते, यावर कुंभाराचा विश्वास कसा बसावा? त्याच्याकडे कच्चं मडकं पाण्यात ठेवलं की चिखल. तो म्हणाला, तीन दिवस देतो, पण शेजारी माझं एक कच्चं मडकंही ठेवणार, म्हणजे तुम्हालाच दिसेल. मी म्हटलं, ठेव. होडी वर आली नाही, तर फळ्या मी माझ्या डोक्यावरून तुझ्या भट्टीपर्यंत वाहीन.

गुडघाभर पाण्यात नेली. लहानपणी बाबांना दगड भरताना बघायचे, कशासाठी ते तुझं पत्र वाचून कळलं; तसेच मी मोजून भरले, आधी मधोमध, मग दोन टोकांना. ती पाण्याखाली गेली. नुसता नाळेवरचा मासा वर राहिला. मी तीन दिवस किनाऱ्यावर चटई टाकून बसले. सून जेवण आणून द्यायची आणि म्हणायची, घरी चला, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोक म्हणतायत तेच म्हणतील.

सासीचं मडकं पहिल्याच संध्याकाळी विरघळलं. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मयताला आलाय. खरं सांगते, मीही घाबरले होते.

चौथ्या सकाळी दगड काढले, पाणी उपसलं. मी बोट पुढे केलं, पण त्याच्याआधी सासीनंच वाजवून बघितलं. त्याचा जन्म मडकी वाजवण्यात गेलाय. एक फळी, दुसरी, तिसरी, सगळ्या होडीभर वाजवत फिरला. ठप्प. ठप्प. ठप्प. मग तिथेच पाण्यात बसला आणि हसायला लागला. म्हणाला, "आयुष्यभर मी ठप्प वाजलेलं फेकून दिलं."

एक थेंब आत आला नाही, खमीस. मी आतून हात फिरवून बघितला.

आणि आता जे सांगते ते नीट बसून वाच. सासीनं मला तिच्यात बसवलं. अजीमचा जाणता नावाडी अम्मार सोबत होता. थोडं बाहेर गेल्यावर त्यानं सुकाणू माझ्या हातात दिलं. ती डावीकडे ओढते. अजून ओढते. मी डोक्यावरचा पदर मागे टाकला आणि बघितलं. चारी बाजूंनी पाणी होतं. हे सगळं तेव्हाही असंच होतं आणि मी फक्त चार फळ्या आणि तुझे पाय बघत आले. मला खूप रडू आलं. अम्मारला वाटलं, वारा लागला.

तुमच्याकडे ऑक्टोपसचा हंगाम सुरू होतोय. सासीनं चारशे मडकी भाजून ठेवलीत, ऑक्टोपस धरायला दोराला बांधून समुद्रात सोडतात ती, क्राटेनच्या कोळ्यांसाठी. हवा धरून राहिली तर २८ तारखेला निघणार. वाटेत एक मुक्काम, २९ला तुमच्याकडे. तो म्हणतो, काकांनी पाणी पाजायची पद्धत आपल्या डोळ्यांसमोर दाखवली पाहिजे, पत्रावर माझा भरवसा नाही, आणि दर वर्षी दाखवली पाहिजे. मी त्याला काही शिकवलेलं नाही. तो स्वतःच म्हणाला.

मडक्यांच्या मधे एक माणूस बसेल एवढी जागा ठेवलीय. सून ओरडतेय. पण मी येतेय.

अल्जिया

*

क्राटेन
२१ ऑक्टोबर १९७५

ताई,

घाईत लिहितोय, हे निघण्याआधी तुला मिळावं म्हणून.

मन्नूबियानं मिरच्या उचलल्या. न सांगता. शीड झटकून, धुऊन, घडी घालून दारापाशी ठेवलंय. थोडं तिखट लागेल सासीला, पण ते हनियाचं आहे, माझ्या पांघरुणाचं नाही. काल मी दोन वेळा जेवलो. खुंटाचा दोर बदलला, जुना कुजला होता. मोंजी विचारत होता, आज कुणाला बांधताय काका? मी म्हटलं, २९ तारखेला ये, दाखवतो.

एक गोष्ट तुला सांगायची राहिलीय. चव्वेचाळीस वर्षं राहिलीय. तू चादरीतून विचारायचीस, गाव दिसतंय का, आणि मी म्हणायचो, दिसतंय. ते दिसत नव्हतं गं. आपली जमीन इतकी सखल आहे की अर्ध्या तासातच सगळं पाण्यात गेलं होतं. आधी घरं, मग खजुराची झाडं, मग काहीच नाही. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, सांगू नकोस म्हणून. मी बारा वर्षांचा होतो. तू विचारत राहिलीस आणि मी मोकळ्या पाण्याकडे बघत दिवसभर दिसतंय दिसतंय म्हणत राहिलो. तेव्हापासून मला वाटतं, तुला मी फसवून परक्या घरी पोचवलं.

म्हणून या वेळी मडक्यांच्या मधे बसू नकोस. नाळेपाशी बस, माशावर हात ठेवून, डोकं उघडं ठेवून. आधी नुसती झाडं वर येतील, मुळं नसल्यासारखी, पाण्यातच उभी. मग पांढरी घरं. मग खुंट. खुंटाच्या शेजारी काठी टेकून गुडघाभर पाण्यात एक म्हातारा उभा असेल. डॉक्टर काही म्हणो, दोर धरायला मीच येणार.

या वेळी कुणाला विचारावं लागणार नाही, ताई. तुझं तुलाच दिसेल.

खमीस